एका दिवशी एकच मॉड

हरेश्वर म्हात्र्यांच्या घरात जमिनीला टेकून फक्त माणसं असत. बाकी सगळं विटांवर. फ्रिज तीन विटांवर, लोखंडी कपाट तीन, देवाचा चौरंग तीन, आणि ओटीवरचं कॉम्प्युटरचं टेबल चार. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला बसायला दिलेली खुर्चीसुद्धा विटांवर होती. माझी उंची बेताची. पन्नाशीचा माणूस परक्या घरात पाय लोंबकळत ठेवून चहा पितो, तेव्हा त्याचा रुबाब फारसा उरत नाही.

“हे विटांचं काय?” मी विचारलं.

“पानी येतं ना दरवरशी,” ते म्हणाले. “दुसऱ्या इटेपर्यंत येतं नि परत जातं. आपन तिसऱ्या इटेवर बसायचं.”

दरवर्षी एखादी आत्या येते, दोन दिवस राहते आणि जाते, अशा सुरात त्यांनी हे सांगितलं.

आमची सोसायटी नालासोपारा पश्चिमेला, गास गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिच्या मागच्या अंगाला म्हात्र्यांचं बैठं घर आणि त्यापलीकडे भातशेतं. शेतांतलं पाणी एका जुन्या नाल्याने म्हात्र्यांच्या अंगणाशेजारून यायचं, आमच्या हद्दीच्या कोपऱ्यातून जायचं आणि पुढे खाडीला मिळायचं. हा नाला आम्ही फ्लॅटवाल्यांनी बारा वर्षांत कधी नीट बघितला नव्हता. वास आला की खिडकी लावायची, एवढीच आमची ओळख.

म्हात्र्यांशी ओळख केली ती माझ्या बायकोने, सुलभाने. ती त्यांच्याकडे अळू आणायला गेली आणि तासाभराने अळू विसरून परत आली. “अहो, त्यांच्या कॉम्प्युटरवर आपली बिल्डिंग आहे! आपली बाल्कनी आहे. बाल्कनीत माझी फुटकी कुंडीपण आहे!”

तो ठोकळ्यांचा खेळ होता. मुलं खेळतात तो. ठोकळे रचून घरं, डोंगर, नद्या, काय हवं ते उभं करायचं. म्हात्र्यांचा भाचा नितेश कॅनडाला जाण्यापूर्वी त्यांच्या ओटीवर त्या खेळाचा सर्व्हर लावून गेला होता, म्हणजे ते जग म्हात्र्यांच्या कॉम्प्युटरवर सतत चालू राहायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या घरून त्यात शिरायचं. नितेश गेल्यावर म्हात्र्यांनी तो बंद केला नाही. सगळं पुसून टाकलं, आणि तिथे आपलं गाव बांधायला घेतलं. घर, शेत, बांध, नाला, आणि गावाच्या अंगावर आलेली आमची सोसायटीसुद्धा.

सुलभा त्या गावात राहायला गेली आणि आठवडाभराने मलाही घेऊन गेली. आमच्या घरात निर्णय होताना मला मत असतं, उमेदवारी नसते. आत शिरल्यावर चौथ्या मिनिटाला मी आमच्याच गच्चीवरून खाली पडून मेलो. त्या खेळात मेलं की लगेच दुसरीकडे उठून उभं राहता येतं, त्यामुळे तसं काही बिघडत नाही. पण कोण कसा मेला हे सगळ्यांच्या पडद्यावर झळकतं, आणि म्हात्र्यांनी ते इंग्रजी संदेश बसून मराठीत केले होते. “दळवी उंचावरून पडला.” “दळवी विहिरीत बुडाला.” “दळवी भुकेने मेला.” ऑफिसात आमच्या डिस्पॅच खात्यात चौदा माणसं मला साहेब म्हणतात. अरे-तुरे ऐकावं लागायचं ते फक्त त्या गावात, तेही मेल्यावर.

म्हात्रे आयुष्यभर मोजणी खात्यात होते. साहेब नव्हते. साहेब दुर्बिणीतून बघायचा, म्हात्रे समोर पट्टी धरून उभे राहायचे. तीन मीटर उंच, लाल-काळ्या आकड्यांची, जमिनीची पातळी मोजायची पट्टी. “चौतीस वरसं मी धरली, दुसऱ्यांनी वाचली,” असं ते म्हणायचे. निवृत्त होताना खात्याने मोडीत काढलेली एक पट्टी त्यांनी मागून घेतली होती. ती ओटीच्या कोपऱ्यात उभी असायची. बसल्या बसल्या त्यांची नजर तिच्याकडे जायची, आणि ती केसभर कलली असेल तर ते उठून सरळ करायचे.

गाव त्यांनी त्याच पट्टीने मोजून बांधलं होतं. एक ठोकळा म्हणजे एक वीत. शेताचा बांध खरा सहा वीत उंच, तर खेळातही सहा ठोकळे. त्यामुळे घरं अवाढव्य झाली आणि आम्ही माणसं जेमतेम दोन ठोकळ्यांची, म्हणजे कोंबडीएवढी. आपल्याच जिन्याची एकेक पायरी उडी मारून चढताना मला माझी खरी किंमत कळायची. “माणूस लहान दिसला तं चालंल,” म्हात्रे म्हणायचे. “पातळी चुकता नये.”

पातळीचं हे वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात एका आडवाटेवर रस्त्याखालून पाणी जायला मोरी बांधायची होती. दुपारची वेळ, पोटात काही नाही, पट्टी धरून उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला. पट्टी थोडी कलली. साहेबाने दुर्बिणीतून जे दिसलं ते वाचलं आणि लिहिलं. मोरी एक वीत वर बसली.

“मग?”

“मग काय. दरवरशी तिथं पानी तुंबतं. मी दरवरशी बगून येतो.”

“तुम्ही सांगितलं नाहीत साहेबांना?”

“मोरी झाल्यावर समजलं मला.” पट्टीकडे बघत ते म्हणाले, “पट्टी वाकडी धरली तं वाचनाऱ्याला काय समजनार, दळवीसायब? आकडा तं आकडाच दिसतो.”

मी त्यावर काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, आणि आठवत नाही ते बरंच आहे.

तर मॉड. मूळ खेळ जसा मिळतो त्यात आपण वरून जी भर घालतो तिला मॉड म्हणतात. कोणी नवी झाडं घालतो, कोणी गाड्या, कोणी वाघ. सर्व्हरवर मॉड घालणं म्हणजे भाजीत मीठ टाकण्याइतकं सोपं असेल अशी माझी समजूत होती. फाइल उतरवायची, ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची, सर्व्हर बंद करून सुरू करायचा. म्हात्र्यांकडे मात्र त्याचा विधी होता. सकाळी आंघोळ झाल्यावर ते आधी सगळ्या गावाची नक्कल काढून बाजूला ठेवायचे. (“आदी बॅकप, मग बात.”) मग गावात सगळ्यांना दिसेल असा संदेश द्यायचे: “मंडळी, दहा मिनिटांत गाव बंद होत आहे. हातातलं काम ठेवा.” दहा म्हणजे दहा. मग एक मॉड घालायचा. एकच. सर्व्हर सुरू होताना आपण काय काय करतोय ते ओळीओळीने लिहीत जातो, त्याला लॉग म्हणतात. तो म्हात्रे पडद्यावर बोट ठेवून, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं, पण एकही ओळ सुटत नसे. नंतर वहीत मॉडचं नाव, दिवस, वेळ, घालणाऱ्याचं नाव. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्या फोल्डरला हात नाही.

“दोन एकदम घातले तर काय होतं?” मी एकदा विचारलं. मला एक मांजराचा मॉड हवा होता आणि सुलभाला जास्वंदीचा.

“बिगडलं तं कोनामुळं बिगडलं, कसं समजनार?”

“नाही बिघडलं तर?”

“तं आनखी वाईट.”

मांजर मंगळवारी आलं, जास्वंद बुधवारी.

त्या घरात दुसरी व्यक्ती होती ती बाय. म्हात्र्यांची मोठी बहीण, नितेशची आई. कंबर मोडल्यापासून ती अंथरुणाला होती. तिची खाट ओटीलगतच्या खोलीत, अर्थात तीन विटांवर, आणि तिथून कॉम्प्युटरचा पडदा दिसेल अशी लावलेली. रोज सकाळी सात वाजता, तिकडे कॅनडात संध्याकाळ झाली की, नितेशचा बाहुला गावात यायचा. शेतावरून चालत, बांधावरून, अंगणातून, आणि ओटीवर येऊन उभा राहायचा. बास. काही करायचा नाही. फोनवर आई-मुलाचं बोलणं व्हायचंच, पण बायचा जीव त्या बाहुल्यात. “आला माजा पोर,” ती म्हणायची. “जेवलास का रं?” बाहुला दोनदा वाकायचा. म्हणजे जेवला.

एकदा सुलभाने तिला विचारलं, “बाय, तुम्ही पावसाळ्यात चांदीपला का नाही जात नातेवाइकांकडे? तिथे उंचावर घर आहे म्हणतात.”

“आनि हा यील तवा घरात कोन?” बाय म्हणाली.



मागच्या थंडीत आमच्या सोसायटीला पार्किंग सुचलं. मागचा नाला बुजवायचा, भराव घालून सपाट करायचं, पलीकडून पक्की भिंत घालायची. बावीस गाड्यांची सोय. सेक्रेटरी खानविलकरांनी नकाशा काढून आणला, त्यात नाल्याच्या जागी हिरवा रंग आणि छोटी छोटी झाडं. जागांच्या चिठ्ठ्या ठराव होण्याआधीच टाकून झाल्या. मला सात नंबर आला. बारा वर्षं मी रस्त्यावर गाडी लावून कावळ्यांचं सार्वजनिक शौचालय चालवत होतो. सात नंबरची चिठ्ठी मी पाकिटात ठेवली, पोटच्या पोराच्या फोटोशेजारी.

म्हात्रे खानविलकरांना भेटायला आले. पांढरा शर्ट, हातात पट्टी. “सायब, नाला मिटवू नका. भरतीला खाडी भरते तवा आतलं पानी थांबून ऱ्हातं. ओहोटी लागली का ह्याच वाटेनं जातं. ही वाट गेली तं ते जानार कुठं?”

“अहो, आम्ही पाइप टाकतोय ना,” खानविलकर म्हणाले.

“केवढा?”

खानविलकरांनी दोन हातांनी दाखवला. साधारण कलिंगडाएवढा.

म्हात्र्यांनी पट्टी खांद्यावर टाकली. घरी गेले आणि पाण्याचा मॉड शोधायला लागले. कारण त्या खेळातलं मूळचं पाणी खोटं असतं. चार पावलं पसरतं आणि हवेत थांबतं. त्यांना हवं होतं वजनाचं पाणी, उतार शोधणारं, साठणारं, चढणारं. दीड महिना रोज एक मॉड. एकात पाणी वर वाहायला लागलं. एकात गावच्या सगळ्या विहिरी फुटल्या. त्या दिवशी मी तीनदा मेलो. शेवटी एक लागला. म्हात्र्यांनी गावात आधी आजचा नाला ठेवून पाऊस पाडला, वर भरती लावली. पाणी त्यांच्या ओटीवर चढलं, विटांच्या दुसऱ्या थरापर्यंत आलं, थांबलं, परत गेलं. म्हात्र्यांनी पट्टीकडे बघितलं. एवढंच. पण त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी नाला बुजवलेलं दुसरं गाव तयार केलं आणि खानविलकरांकडून कबूल करून घेतलं, की रविवारच्या सभेत, मतदानाआधी, दहा मिनिटं ते सगळ्यांना दाखवायचं. आमच्या घरचा टीव्ही खाली नेऊन, माझ्या लॅपटॉपवरून.

शनिवारी बायला डॉक्टरकडे न्यायचं होतं. जाताना म्हात्र्यांनी मला सर्व्हरचा पासवर्ड दिला. “चालू ऱ्हावूद्या फक्त. कायपन करू नका.”

मी केलं.

वाईट हेतूने नाही, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला घरात कोणी किंमत देत नाही हेही सांगतो. झालं काय, की दुपारी मी ते गाव सभासदांच्या डोळ्यांनी बघितलं. ओबडधोबड ठोकळे, मळकट रंग. लोक हसणार. म्हात्र्यांची बाजू आपण जरा नटवून मांडू, असं माझ्या मनाने घेतलं. मी एक मॉड शोधला ज्याने झाडांना सावल्या येतात. एक गाड्यांचा, म्हणजे पार्किंगमध्ये बावीस गाड्या उभ्या दिसतील आणि पाण्यात बुडतील, लोक हादरतील. ते दोन्ही घातल्यावर सर्व्हर रखडायला लागला, म्हणून तिसरा, सर्व्हर हलका करणारा. तीनही एकदम. बॅकअप घेतला का? नाही घेतला. लॉग वाचला का? तो सरसर वर गेला, मी चहा पीत होतो. पाऊस पाडून बघितला का? गाड्या इतक्या छान दिसत होत्या की मी सात नंबरच्या जागेभोवतीच फिरत बसलो.

रविवारी अकरा वाजता स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडल्या. म्हात्रे टीव्हीशेजारी उभे, पट्टी हातात. मी पडद्यावर आमचे सगळे बाहुले पार्किंगमध्ये नेऊन उभे केले. म्हात्र्यांनी पाऊस सुरू करायला सांगितलं.

पाऊस पडला. वर सावल्या हलल्या. गाड्या चकाकल्या. सभासद म्हणाले, “वा!”

पाणी आलं नाही.

पाच मिनिटं गेली. दूर शेतांवर काहीतरी निळं दिसत होतं, काचेच्या भिंतीसारखं उभं, जागच्या जागी. पार्किंग कोरडं ठणठणीत.

“ही माझी का गाडी?” मागून कोणीतरी विचारलं. “मस्त धुतली गेली हां!” सगळे हसले.

खानविलकर उठले. “मंडळी, आता म्हात्र्यांच्याच कॉम्प्युटरने सांगितलंय. आपण काय वेगळं म्हणतोय?”

म्हात्रे पडद्याकडे बघत होते. मग त्या गाड्यांकडे. गाड्या त्यांनी घातलेल्या नव्हत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला उठून बोलता आलं असतं, की काल मी तीन मॉड घातले, हे खरं मानू नका, एक दिवस थांबा. एकच वाक्य. माझा हात खिशावर होता, पाकिटावर. मतदानासाठी हात वर करा म्हणाले तेव्हा मी वर केला नाही, हे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण खालीच ठेवला, एवढंच. ठराव पास झाला.

सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी म्हात्र्यांकडे गेलो. लॉग पडद्यावर उघडा होता. माझं नाव, शनिवार, तीन वाजून बारा मिनिटं. खाली तीन ओळी.

“तीन एकदम?” म्हात्रे म्हणाले.

मी मान खाली घातली. विटांवरच्या खुर्चीत पाय लोंबकळत होतेच.

“च्या घ्या,” ते म्हणाले.

ते ओरडले असते तर मी घरी जाऊन जेवलो असतो. त्यांनी वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि एक मॉड काढला. एकच. मंगळवारी दुसरा. बुधवारी तिसरा, आणि तो काढल्यावर त्यांना कळलं. सर्व्हर हलका करणाऱ्या त्या मॉडची युक्ती साधी होती. आसपास कोणी बाहुला उभा नसेल, तिथलं पाणी तो थांबवून ठेवायचा. आम्ही सगळे पार्किंगमध्ये. शेतांवर कोणी नव्हतं.

“म्हंजे कोन बगत नसला तं पानी हालत नाय,” म्हात्रे म्हणाले, आणि ओठांतल्या ओठांत हसले. ते हसू मला आवडलं नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी पुन्हा पाऊस पाडला. मी शेजारी होतो. पाणी शेतांतून आलं, नाला होता तिथवर आलं आणि थबकलं. जरा वेळ ते नुसतं जाड होत गेलं. मग म्हात्र्यांच्या अंगणात शिरलं. पहिली वीट, दुसरी, तिसरी. खिडकीच्या चौकटीला लागलं. सात वीत. म्हात्रे बोटाने मोजत होते. तिथून ते भिंतीला वळसा घालून आमच्या गेटातून आत आलं आणि स्टिल्टमध्ये चढायला लागलं. तीच भिंत आता त्याला बाहेर जाऊ देत नव्हती. पाच वीत. विजेचे मीटर बुडाले.

त्या गडबडीत सात वाजून गेल्याचं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. म्हात्रे सवयीने, पडद्यावर जी ओळ उमटेल ती मोठ्याने वाचत होते. “पाऊस चालू. भरती चालू. नितेश गावात आला.” आणि थोड्या वेळाने, त्याच सुरात, बोट ओळीवर ठेवून: “नितेश बुडाला.”

मी त्या गावात चाळीसदा मेलो असेन. ते शब्द मला तोंडपाठ होते. पण आतल्या खोलीतून बायच्या खाटेचा आवाज झाला तेव्हा मी विटांवरच्या खुर्चीतून खाली उतरलो.

“काय बोललास?” बायने विचारलं.

“काय नाय गो. खेल हाय. उठला बग तो परत.”

“कुठं बुडाला?”

म्हात्र्यांनी ओळीवरचं बोट काढलं.

“कुठं बुडाला, हरेश्वर?”

“ओटीवर,” म्हात्रे म्हणाले.

बायने मान वळवून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, “चांदीपचं घर बांद त्याच्यात. माप घेवून बांद. त्याला वाट दाखव आदी. मंग मी येतंय.”

मी त्याच संध्याकाळी खानविलकरांकडे गेलो. सगळं सांगितलं, तीन मॉड, वेळ, पाणी, मीटर. लेखी पत्रही दिलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं. “दळवी, ठराव झालाय. आणि गेम आहे हो तो,” ते म्हणाले. “तुमचा सात नंबर ना? मग?”

पत्र फाइलला लागलं. महिन्याभरात डंपर आले. नाला तीन दिवसांत बुजला. बारा वर्षं ज्याच्या नावाने खिडक्या लावल्या, तो नाला वास न येताच दिसेनासा झाला. आणि खरं ते सांगतो, सात नंबरची जागा मी परत केली नाही. गाडी तिथेच उभी करतो. सुलभा त्यावर एक शब्द बोलत नाही. तिचं न बोलणं आमच्या घरात कसं ऐकू येतं ते सांगायला वेगळा लेख लागेल.

म्हात्र्यांनी चांदीपच्या घराची मापं घेतली. आठवड्यातून दोनदा पट्टी खांद्यावर टाकून ते तिकडे जायचे. खेळात घर उभं राहायला दोन महिने लागले. नितेशच्या बाहुल्याला ते रोज सकाळी वाट दाखवायचे. बांधावरून नाही, हिकडून, टेकाडावरून.

मे महिन्यात भिंत पूर्ण झाली, त्याच दिवशी सकाळी गावात संदेश आला: “मंडळी, दहा मिनिटांत गाव बंद होत आहे. हातातलं काम ठेवा.” सुलभा त्या गावातल्या आमच्या बाल्कनीत कुंडीला पाणी घालत होती. तिने लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाली, “खाली जा.”

खाली टेम्पो उभा होता. बायला खुर्चीसकट उचलून पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं होतं. “इटा घेतल्यास का सगल्या?” ती विचारत होती.

“घेतल्या गो.”

“मोजल्यास?”

“मोजल्या.”

म्हात्रे पट्टी घेऊन आमच्या स्टिल्टमध्ये आले. सात नंबरजवळच्या खांबाला लागून त्यांनी ती उभी केली, दोन्ही हातांनी धरली, पाय जुळवले. चौतीस वर्षं जसे उभे राहिले असतील तसे. “वाचा,” ते म्हणाले.

“मी?”

“मी धरलीय. वाचा.”

त्यांचा अंगठा एका आकड्यावर होता. पट्टी केसभरही हलत नव्हती. मी चष्मा वर केला, खाली केला. “एक मीटर चौदा,” मी म्हणालो.

“पाच वीत,” म्हात्रे म्हणाले. त्यांनी खिशातून निळा खडू काढून माझ्या हातात दिला. “तुमी वाचलं, तुमीच लिवा.”

मी रेघ मारली. माझ्या हाताची रेघ जरा वाकडी आली. त्यांनी ती पुसायला लावली आणि पुन्हा मारायला लावली. मग पट्टी खांद्यावर टाकून ते निघाले. मला काहीतरी बोलायचं होतं. “म्हात्रे, ते शनिवारचं…” एवढं मी म्हणालो.

“मी आजून जातो ती मोरी बगायला,” ते म्हणाले. “तुमी हितंच ऱ्हाता. तुमाला सोपं.”

टेम्पोच्या मागच्या भागात कपाट, फ्रिज, विटांची चळत, आणि त्यांच्यामध्ये म्हात्रे, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. पट्टी टेम्पोत आडवी मावत नव्हती, म्हणून त्यांनी ती उभी धरली होती. टेम्पो आमच्या नव्या भिंतीपलीकडच्या रस्त्याने गेला. भिंत उंच आहे. टेम्पो दिसेना, माणूस दिसेना. फक्त भिंतीच्या वर पट्टीचं टोक, लाल-काळे आकडे, ताठ, हळूहळू सरकत जाताना दिसत होतं.

ती रेघ अजून खांबावर आहे. माझ्या शर्टाच्या खिशाला बरोबर लागते. सोसायटीने मध्ये खांब रंगवले, ती पांढऱ्या रंगाखालून पुन्हा वर आली. पाऊस अजून आलेला नाही. दुपारी शेतांकडून वारा येतो, दमट, आणि भिंतीशी आल्यावर पडतो. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, तरी गेल्या रविवारी मी आमच्या फ्रिजखाली तीन विटा लावल्या. सुलभाने एका बाजूने फ्रिज उचलून धरला.

त्या दिवशी मात्र मी तिथेच उभा होतो, सात नंबरमध्ये, हातात खडू घेऊन. वळणावर पट्टीचं टोक क्षणभर थांबलं. समोरून एखादी गाडी आली असेल. तेवढ्यात भिंतीच्या काठाला लागलेला आकडा वाचावा म्हणून मी चष्मा पुसला, टाचा उंचावल्या. आणि टेम्पो वळला.